रोमचे देव कोठून आले आणि त्यांना आत कोणी घेतले?

मूळ धागा

वेई हे एट्रुस्कन लोकांचे शहर रोमपासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरांवर होते. इ.स.पू. ३९६ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर कामिलस या रोमन सेनापतीने ते जिंकले. बाकीची लूट उचलायला कोणाला फारसा विचार करावा लागला नाही. प्रश्न उभा राहिला तो तेथील देवीचा. लिव्ही हा इतिहासकार सांगतो, की सैन्यातून काही तरुण निवडण्यात आले. त्यांनी आंघोळी केल्या, पांढरी वस्त्रे नेसली आणि ते देवळात गेले. एका ठरावीक घराण्यातील पुजाऱ्याखेरीज त्या मूर्तीला कोणी हात लावत नसे, त्यामुळे ते बिचकत होते. त्यांच्यापैकी एकाने विचारले, "जूनो, रोमला येतेस का?" देवीने मान हलवली, असा इतरांनी एकच गलका केला. त्या तरुणाच्या तोंडून देवाने हे वदवले की तो पोरवयातील थट्टेने बोलून गेला, हे लिव्हीने मोकळे सोडले आहे. मूर्ती उचलायला हलकी लागली, आणि आव्हेंटाइन टेकडीवर तिच्यासाठी देऊळ बांधले गेले. शहरावर अखेरचा हल्ला करण्यापूर्वीच कामिलसने तसा नवस बोललेला होता.

रोमन धर्माचा विषय निघाला, की "रोमनांनी ग्रीकांचे देव घेतले आणि नावे बदलली" हे एक वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येते. झ्यूसचा ज्युपिटर झाला, हेराची जूनो झाली, आरेसचा मार्स झाला, असा तक्ता शाळेच्या पुस्तकापासून कोड्यांपर्यंत सर्वत्र भेटतो. हा तक्ता मला फार अपुरा वाटतो. वेईची जूनो ग्रीसमधून आलेली नव्हती; ती शेजारच्या गावची होती, शत्रूच्या बाजूची होती, आणि तिला विचारून, नवस फेडून, रीतसर आणले गेले होते. रोमने बाहेरून पुष्कळ घेतले, याविषयी वाद नाही. कोणती गोष्ट कोणाच्या परवानगीने, कोणत्या अटीवर आणि शहराच्या कोणत्या भागात आत आली, याची चौकशी मात्र आपण फारशी करत नाही. रोमन धर्माचे रोमनपण मला त्या चौकशीत सापडते, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम एट्रुस्कनांविषयी. टायबर नदीच्या उत्तरेकडील या लोकांची भाषा लॅटिनशी नात्याने जोडलेली नव्हती; ती इंडो-युरोपीय कुळातलीच नव्हती. तरीही रोमचे शेवटचे राजे परंपरेने एट्रुस्कन वंशाचे सांगितले जातात. कॅपिटोल टेकडीवरील ज्युपिटर, जूनो आणि मिनर्व्हा यांचे एकत्र देऊळ त्याच राजांनी बांधायला घेतले, आणि प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५०९ मध्ये, त्याची प्रतिष्ठापना झाली असे परंपरा मानते. ज्युपिटरची मातीची भाजलेली मूर्ती घडवायला वेईहून वुल्का नावाचा कारागीर बोलावला होता, असे प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवले आहे. वार्रो या रोमन विद्वानाचे एक विधान येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. रोमन लोक १७० वर्षांहून अधिक काळ मूर्तींवाचून देवपूजा करत होते, असे तो म्हणतो. इ.स.पू. ७५३ या परंपरागत स्थापनावर्षातून १७० वजा केले, तर आपण नेमके त्या एट्रुस्कन राजांच्या काळात येऊन पोहोचतो. देवाला मानवी रूप देऊन छताखाली बसवण्याची पद्धत शेजाऱ्यांकडून आली, ही आठवण रोमनांनी स्वतःच जपून ठेवलेली दिसते.

एट्रुस्कनांची दुसरी देणगी म्हणजे बळी दिलेल्या जनावराच्या यकृतावरून देवाचा कौल वाचण्याची विद्या. १८७७ साली इटलीतील प्याचेंझाजवळ शेत नांगरताना एका शेतकऱ्याला मेंढीच्या यकृताची काशाची प्रतिकृती सापडली. ती साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, म्हणजे तळहातावर सहज मावणारी आहे. तिच्या कडेला सोळा खाने आखलेले असून प्रत्येकात देवांची नावे कोरलेली आहेत. आकाशाचेही ते लोक सोळाच भाग पाडत असत. ज्या भागात डाग किंवा गाठ आढळेल, त्या भागाचा देव काही सांगू पाहतो आहे, असा हिशोब होता. बॅबिलोनियातही यकृताच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत, आणि त्या या काशाच्या तुकड्यापेक्षा हजार वर्षांहून अधिक जुन्या आहेत. ही विद्या पूर्वेकडून इटलीत कोणत्या वाटेने आली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. साम्य मात्र नजरेआड करता येत नाही.

ही विद्या जाणणाऱ्यांना रोमन लोक हारुस्पेक्स म्हणत. ते बहुधा एट्रुस्कनच असत आणि सिनेट, म्हणजे रोमची ज्येष्ठांची सभा, त्यांना गरजेनुसार बोलावून घेई. त्यांच्याविषयी रोमनांच्या मनात काय होते, हे सिसेरो या रोमन वक्त्याने सांगितलेल्या एका प्रसंगातून कळते. इ.स.पू. १६३ मध्ये टायबेरियस ग्राकस हा कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, पुढील वर्षाच्या कॉन्सलांची निवडणूक घेत असताना मते मोजून सांगणारा अधिकारी जागीच मरण पावला. सिनेटने हारुस्पेक्सांना विचारले. निवडणूक घेणारा अधिकारी नियमाप्रमाणे नव्हता, असे त्यांनी सांगताच ग्राकस भडकला. तुम्ही एट्रुस्कन, तुम्ही परके. रोमन लोकांच्या शकुनांचे नियम तुम्ही आम्हाला शिकवणार का, असे म्हणून त्याने त्यांना हाकलून दिले. पुढे तो सार्डिनिया प्रांतात गेला. तेथे विधीचे ग्रंथ वाचताना त्याला स्वतःची चूक उमगली. शहराची पवित्र हद्द ओलांडून परत आल्यावर त्याने शकुन पुन्हा पाहायला हवे होते, ते राहून गेले होते. त्याने आपण होऊन तसे रोमला लिहून कळवले, आणि निवडून आलेल्या दोन्ही कॉन्सलांनी राजीनामे दिले.

परक्याची विद्या, तिच्याविषयीचा संशय, आणि नियमापुढे शेवटी दोघांनीही नमणे, हे सगळे या एका प्रसंगात आले आहे. तज्ज्ञ परका असला तरी त्याचे म्हणणे मानायचे की नाही, हे सिनेट ठरवत असे. या विषयातील जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तेथे दुरुस्त करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

धागा आवडला. मी बरीच वर्षे संस्कृत शिकवते आहे, त्यामुळे माझे लक्ष साहजिकच उलट दिशेला गेले. उसने काय घेतले हे पाहण्यापूर्वी घरचे काय होते, तेही पाहायला हवे.

ज्युपिटर हे नाव झ्यूसवरून घेतलेले नाही. लॅटिनमध्ये त्याचे जुने रूप दिएस्पितर असेही आढळते. ऋग्वेदातील द्यौष्पितर आणि ग्रीकांचा झ्यूस पाटेर यांच्या शेजारी ते ठेवले, तर तिन्ही नावे एकाच आजीच्या नाती आहेत हे कानालाही कळते. प्रकाशमान आकाश हा पिता, अशी ती मूळ कल्पना आहे. दिवस या अर्थाचा लॅटिन शब्द दिएस, देव या अर्थाचा देउस, राजा या अर्थाचा रेक्स आणि अग्नी या अर्थाचा इग्निस ही त्याच घरातील माणसे. याला प्रभाव म्हणणे चुकीचे ठरेल. हा वारसा आहे. कोणी कोणाकडून घेतले, हा प्रश्नच येथे लागू होत नाही. भारतातून रोमला संस्कृती गेली, असा अर्थ यातून काढणाऱ्यांनीही थोडे थांबावे. बहिणींच्या चेहऱ्यात साम्य असते, म्हणून एक दुसरीची मुलगी ठरत नाही.

व्हेस्टा देवीचा अग्नी हे माझे आवडते उदाहरण आहे. तिच्या देवळात मूर्ती नसे, फक्त अखंड तेवणारा अग्नी असे. दरवर्षी १ मार्चला, म्हणजे जुन्या रोमन वर्षाच्या पहिल्या दिवशी, तो नव्याने पेटवत. एरवी निष्काळजीपणाने तो विझलाच, तर जबाबदार व्हेस्टल कुमारिकेला मुख्य पुरोहिताकडून चाबकाचे फटके बसत, आणि दुसऱ्या चुलीतील निखारा आणून भागत नसे. शुभ मानलेल्या झाडाची फळी घेऊन, ती घुसळून, घर्षणाने नवा अग्नी काढायचा आणि तो काशाच्या चाळणीतून देवळात न्यायचा, असे फेस्टस या रोमन कोशकाराने लिहून ठेवले आहे. अरणीमंथन ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यांना हे वाचताना त्या लाकडाचा वास आल्याशिवाय राहणार नाही. वार्रोने सांगितलेल्या मूर्तिविरहित काळाची ही शिल्लक असावी, असे मला वाटते.

एक सावधगिरीचा मुद्दा. लॅटिनमधील फ्लामेन, म्हणजे एका देवाला वाहिलेला पुरोहित, आणि आपला ब्रह्मन् हे शब्द एकच आहेत असे द्युमेझिल या फ्रेंच अभ्यासकाने एके काळी मांडले होते. ते ऐकायला फार मोहक आहे, परंतु ध्वनिनियमांत नीट बसत नाही. ज्युपिटर, मार्स आणि क्विरिनस या जुन्या त्रयीबद्दलची त्याची मांडणी मला अधिक विचार करण्याजोगी वाटते, कारण या तिघांसाठी तीन प्रमुख फ्लामेन नेमलेले होते, ही गोष्ट नक्की आहे. कॅपिटोलवरील जूनो-मिनर्व्हाची त्रयी त्या त्रयीच्या जागी नंतर आली.

शेजारच्या सॅबाइन लोकांना विसरू नका. गाय-बैलासाठी लॅटिन शब्द आहे बोस. आपला गौः आणि हा शब्द मुळात एकच. पण लॅटिनच्या स्वतःच्या ध्वनिनियमाने त्याची सुरुवात व-काराने व्हायला हवी होती. ब-कार येतो तो सॅबाइनांसारख्या शेजारी बोलींत. गोठ्यातील जनावराचे नावसुद्धा शेजाऱ्याकडून घेणारे हे लोक होते. त्यांच्या आठवणीत धर्माचे नियम घालून देणारा राजा नूमा हाही सॅबाइनच होता.

प्रतिसाद २

मूळ धाग्यात एट्रुस्कनांना झुकते माप मिळाले आहे, असे मला नम्रपणे सुचवायचे आहे. जे काही ग्रीक ते एट्रुस्कनांच्या हातून रोमला आले, असे पूर्वी सरसकट मानत. पुरातत्त्वाने ते चित्र पुष्कळ बदलले आहे.

रोमच्या फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, काळ्या फरशीखाली एक अतिप्राचीन पूजास्थान आहे. जाकोमो बोनी यांनी ते १८९९ मध्ये उघडे केले. तेथे अर्पण केलेल्या वस्तूंत अथेन्सच्या एका रंगवलेल्या भांड्याचा तुकडा मिळाला. तो इ.स.पू. सहाव्या शतकातील असून, गाढवावर बसून देवलोकी परतणारा हेफायस्टस त्यावर चितारलेला आहे. हेफायस्टस हा ग्रीकांचा लोहार देव, आणि हे स्थान बहुतेक अभ्यासक रोमनांच्या व्हल्कन या अग्निदेवाचे मानतात. याचा अर्थ राजेशाहीच्या काळातच कोणीतरी "आपला व्हल्कन म्हणजेच हा" असे ओळखून ते भांडे तेथे वाहिले होते. ग्रीसवर रोमची सत्ता येण्याला त्या वेळी अजून चारशे वर्षे अवकाश होता.

दुसरा पुरावा रोमच्या दक्षिणेस असलेल्या लाविनियमचा. तेथे १९५८ मध्ये सापडलेल्या छोट्या कांस्यपट्टीवर कास्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांना केलेले अर्पण लॅटिनमध्ये कोरलेले आहे. पट्टी इ.स.पू. सहाव्या शतकातील. त्यावर पोलक्सचे नाव ज्या रूपात आले आहे, ते ग्रीक पॉलिड्यूकेसच्या जवळ जाणारे आहे, एट्रुस्कन पुल्तुकेच्या नव्हे. आणि "कुमार" या अर्थाचा शब्द तर सरळ ग्रीकच उचललेला आहे. दक्षिण इटलीत कूमी, नेपल्स, टारेंटम अशी ग्रीक शहरे होती. त्यांच्याशी लॅटिन लोकांचा थेट व्यवहार होता आणि त्याला दलालाची गरज नव्हती.

आणखी एक भर. रोमच्या बंदरपट्टीवर नुसते ग्रीक आणि एट्रुस्कनच वावरत नव्हते. पिर्गी या ठिकाणी १९६४ मध्ये सोन्याचे तीन पत्रे मिळाले. ते सुमारे इ.स.पू. ५०० मधील आहेत. दोन एट्रुस्कन भाषेत आहेत आणि एक फिनिशियन भाषेत. केरे शहराचा शासक थेफारिये वेलियानास याने देवीला केलेले हे अर्पण आहे. एट्रुस्कनमध्ये तिचे नाव ऊनी, फिनिशियनमध्ये अस्टार्टे. देवांची नावे भाषांतरित होत असत, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी वस्तू त्या किनाऱ्यावर नाही. हे सगळे रोमपासून एका दिवसाच्या मजलेच्या आसपास चालले होते.

धागालेखकाचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. एट्रुस्कनांविषयीची दुरुस्ती मान्य आहे. ताईंनी वारसा आणि उसनवारी यांतील भेद दाखवला, तो माझ्या मूळ लेखनात निसटला होता.

आता ज्या चौकशीसाठी धागा काढला तिच्याकडे येतो. परका देव आत घेण्याचे रोमचे सर्वांत ठळक साधन म्हणजे सिबिल या भविष्य सांगणाऱ्या स्त्रीच्या नावाचे ग्रंथ. ग्रीक पद्यात लिहिलेली ही भविष्यवाणी कॅपिटोलवरील देवळाच्या तळघरात ठेवलेली असे. ती उघडण्याचा अधिकार एका नेमलेल्या मंडळाला होता आणि तोही सिनेटने हुकूम केल्यावरच. साथ आली, दगडांचा पाऊस पडला, सैन्य गारद झाले, की मंडळ ग्रंथ उघडी, आणि उपाय म्हणून बहुधा एखादा नवा विधी किंवा नवा देव सांगितला जाई. इ.स.पू. २९३ च्या साथीत ग्रीसमधील एपिडॉरसच्या वैद्यदेवाला, एस्क्युलापियसला, आणण्याचे ठरले. शिष्टमंडळ गेले, देवाचा सर्प जहाजावर चढला आणि टायबरमधील बेटावर उतरला, अशी कथा आहे. देऊळ तेथेच झाले. त्या बेटावर आजही रुग्णालय चालते. जागेची निवड पाहण्यासारखी आहे: बेट शहराजवळ आहे, पण पवित्र हद्दीच्या बाहेर.

मात्र हद्दीबाहेर ठेवणे हा अटळ नियम नव्हता, हे महामातेच्या प्रकरणातून दिसते. इ.स.पू. २०५ मध्ये रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल अजून इटलीतच तळ देऊन होता. आकाशातून वारंवार दगड पडल्याच्या वार्ता आल्या, ग्रंथ उघडले गेले, आणि इडा पर्वताची माता आणली तर परका शत्रू इटलीतून जाईल असे वचन निघाले. पर्गमॉनचा राजा अटालस याच्या मदतीने, आजच्या तुर्कस्तानातील फ्रिजिया प्रदेशातून, देवी म्हणून एक काळा दगड आणण्यात आला. आर्नोबियस या नंतरच्या लेखकाने त्याचे वर्णन केले आहे: लहान, एका हातात पेलता येईल असा, काळसर, ओबडधोबड कडांचा. इ.स.पू. २०४ मध्ये ४ एप्रिल रोजी तो रोममध्ये पोहोचला. नगरातील सर्वांत सज्जन पुरुष म्हणून निवडलेल्या स्किपिओ नासिकाने त्याचे स्वागत केले आणि स्त्रियांनी हातोहात तो आत नेला. त्याला जागा मिळाली ती थेट पॅलाटाइन टेकडीवर, जेथे रोम्युलसची झोपडी दाखवत असत तेथे. कारण इडा पर्वत ट्रॉयजवळचा, आणि रोमन स्वतःला ट्रॉयच्या एनियसचे वंशज मानत. परकी देवी आजोळची निघाली.

पण देवीबरोबर तिचे पुजारीही आले, आणि ते स्वतःला खच्ची करून घेतलेले, रंगीत झगे घालणारे, डफ-बासरीच्या गजरात बेभान होणारे होते. याची रोमन सत्ताधाऱ्यांना कल्पना नव्हती की त्यांनी डोळेझाक केली होती, ते आता कळणे कठीण आहे. त्यांनी काढलेली तोड हालिकार्नाससच्या डायोनिसियसने नोंदवली आहे. वार्षिक यज्ञ आणि खेळ रोमन अधिकारी रोमन पद्धतीने करत. फ्रिजियन पुजारी आणि पुजारीण देवीची मूर्ती घेऊन, वाजतगाजत, गल्लोगल्ली भिक्षा मागत फिरत. आपल्याकडील जोगवा मागण्याची आठवण व्हावी असे ते दृश्य असणार, अर्थात नाते काही नाही. जन्माने रोमन असलेल्या कोणीही त्या झग्यात त्या मिरवणुकीत चालायचे नाही, असा कायदा होता. एकाच देवीची दोन रूपे एकाच टेकडीवर शतकानुशतके नांदली आणि दोहोंमधली रेघ सिनेटने आखलेली होती.

ज्यांनी परवानगी घेतली नाही, त्यांचे काय झाले, हे इ.स.पू. १८६ मध्ये दिसले. बाकस या मद्यदेवाचे रात्रीचे गुप्त विधी दक्षिण इटलीतून पसरत रोममध्ये आले होते. सिनेटने ते मोडून काढले; लिव्हीच्या सांगण्यानुसार त्यात ७,००० हून अधिक माणसे गुंतलेली होती आणि अनेकांना देहान्त शिक्षा झाली. लिव्हीचे वर्णन कादंबरीसारखे रंगलेले आहे, त्यावर सर्वस्वी विसंबू नये. सुदैवाने सिनेटचा मूळ ठरावच कांस्यपट्टावर उपलब्ध आहे. तो १६४० मध्ये कालाब्रियातील तिरिओलो गावी सापडला आणि आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यातील भाषा कार्यालयीन आहे, आणि म्हणूनच फार बोलकी आहे. कोणीही पुरुष पुजारी होणार नाही. कोणीही सामाईक निधी ठेवणार नाही. आपसांत शपथा घेतल्या जाणार नाहीत. ज्याला हे विधी करणे अगदी आवश्यकच वाटते, त्याने रोमला प्रेटर या न्यायाधिकाऱ्याकडे यावे, निदान शंभर सदस्य हजर असताना सिनेटचा विचार घ्यावा, आणि त्यानंतरही पाचांपेक्षा अधिक माणसांनी एकत्र येऊ नये: दोन पुरुष, तीन स्त्रिया. बाकस या देवाबद्दल त्या पट्टावर एकही वाईट शब्द नाही. सिनेटला भीती वाटली ती शपथ, निधी आणि पुढारी असलेल्या, आपल्या नजरेबाहेरच्या संघटनेची.

ग्रीक पद्धतीचे असे वेगळे खातेच रोमनांनी ठेवले होते. एरवी यज्ञ करताना रोमन माणूस टोग्याचा पदर डोक्यावरून घेई. "ग्रीक रीतीने" करायचा असेल तर डोके उघडे ठेवी. सेरेस देवीच्या पूजेसाठी नेपल्स आणि वेलिया येथून ग्रीक पुजारिणी आणत, आणि सिसेरो सांगतो की त्यांना रोमचे नागरिकत्व दिले जाई. विद्या परक्या देशाची असो, पण रोमसाठी देवाला साकडे घालणारी बाई रोमन असावी, हा त्यामागचा विचार.

प्रतिसाद ३

मिथ्राविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. मिथ्रा हा आपला वैदिक मित्र, असे अनेकदा सांगितले जाते. नाव तेच आहे, यात शंका नाही, इ.स.पू. चौदाव्या शतकातील पश्चिम आशियातील मितान्नी राज्याच्या करारात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे एकत्र साक्षीला बोलावले आहेत, आणि इराणमध्ये मिथ्राची उपासना प्राचीन आहे. परंतु रोमन सैनिक आणि व्यापारी ज्या अंधाऱ्या, गुहेसारख्या खोल्यांत जमत, तेथे समोर कोरलेला देव बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून त्याच्या मानेत सुरा खुपसत असतो. हे दृश्य इराणमध्ये मिळत नाही. या पंथाचे पुरावे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस एकदम दिसू लागतात, आणि तेही रोमन जगात. नाव आणि टोपी इराणी ठेवून रोमन लोकांनी पुष्कळसे स्वतःच रचले, असे आज अनेक अभ्यासक मानतात. पूर्वेकडचे म्हटल्यावर वजन वाढत असे, हेही प्रभावाचेच एक रूप आहे.

महाराष्ट्राशी असलेला एक खरा धागाही येथे नोंदवतो. १९३८ मध्ये पॉम्पेईतील एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली; ती सुमारे पाव मीटर उंच आहे आणि "पॉम्पेईची लक्ष्मी" या नावाने ओळखली जाते. त्याच धाटणीचे हस्तिदंती काम आपल्या तेर आणि भोकरदन येथे मिळाले आहे, त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी असे मत आहे. उलट दिशेने, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली, ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येते. मी ती पाहिली आहे: एक हात वर उचललेला, शरीराचा भार एका पायावर. या दोन्ही मूर्ती जहाजातून मालाबरोबर आल्या-गेल्या. पॉम्पेईत त्या हस्तिदंती स्त्रीची पूजा झाल्याची काहीही खूण नाही. ती एखाद्या सामानाचा पाय किंवा दांडा असावी. वस्तू समुद्र ओलांडून पोहोचली, पण तिच्यासाठी ग्रंथ उघडले गेले नाहीत आणि देऊळही झाले नाही.

प्रतिसाद ४

धर्माबरोबर संस्कृतीचाही उल्लेख झाला पाहिजे, म्हणून लिपीची एक गोष्ट. ग्रीकांचा तिसरा वर्ण "ग" ध्वनीचा होता. एट्रुस्कनांच्या भाषेत "ग" नव्हताच, म्हणून त्यांनी तो वर्ण "क"साठी वापरला. रोमनांनी लिपी त्यांच्याकडून घेतली आणि काही काळ एकाच अक्षराने क आणि ग दोन्ही लिहिले. पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्याच अक्षराला एक रेघ जोडून "ग" वेगळा केला गेला. परंतु गायस आणि ग्नेयस ही नावे संक्षेपाने लिहिताना रोमन शेवटपर्यंत जुनेच "क" अक्षर वापरत राहिले. गायस ज्युलियस सीझरच्या नावातील पहिले अक्षर पाहिले, की त्यात एट्रुस्कन शिक्षकाचा उच्चार अजून ऐकू येतो.

नाटकाचेही तसेच. लिव्हीनुसार इ.स.पू. ३६४ मध्ये साथ हटेना, तेव्हा देवांना प्रसन्न करण्यासाठी एट्रुरियातून नर्तक आणले. नटासाठीचा लॅटिन शब्द हिस्ट्रिओ हा त्यांच्याच भाषेतून आला, असे तो सांगतो. पुढे इ.स.पू. २४० मध्ये लिव्हियस आंद्रोनिकसने ग्रीक धर्तीवर लॅटिन नाटक सादर केले. त्यानेच ओडिसी लॅटिनमध्ये आणली, आणि पहिल्या ओळीतील ग्रीक काव्यदेवतेच्या जागी कामेना ही रोमच्या झऱ्याजवळची देवता घातली. छंदही त्याने इटलीतलाच जुना घेतला. भाषांतर करणाऱ्यांनी ती एक ओळ अभ्यासावी, असे मला मनापासून वाटते.

धागालेखकाचे उत्तर

तेर आणि भोकरदनच्या उल्लेखासाठी विशेष आभार. त्याच पॉम्पेईत जी परकी देवी रीतसर आत आली, तिच्याविषयी लिहितो.

इजिप्तच्या आयसिसला रोमने सहजासहजी घेतले नाही. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळात सिनेटने तिची देवळे पाडण्याचे हुकूम पुन्हा पुन्हा काढले, यावरूनच ती पुन्हा पुन्हा उभी राहत होती हे कळते. व्हॅलेरियस मॅक्सिमसने एक प्रसंग दिला आहे. देऊळ पाडायला एकही मजूर हात लावेना, तेव्हा पॉलस या कॉन्सलने अंगावरील अधिकाराचे वस्त्र उतरवले, स्वतः कुऱ्हाड उचलली आणि दारावर घाव घातला. पुढे टायबेरियस या सम्राटाने इ.स. १९ मध्ये तिच्या भक्तांवर कारवाई केली. त्यानंतर काही दशकांतच रोमच्या मार्स मैदानावर तिचे भव्य देऊळ सर्वांच्या डोळ्यांसमोर उभे होते.

पॉम्पेईतील तिचे देऊळ इ.स. ६२ च्या भूकंपात कोसळले. शहरातील ज्युपिटरचे मोठे देऊळ ज्वालामुखीच्या उद्रेकापर्यंत, म्हणजे सतरा वर्षांनीही, पुरते दुरुस्त झालेले नव्हते. आयसिसचे मात्र पायापासून नवे बांधून तयार होते. दारावरील शिलालेख आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. न्यूमेरियस पोपिडियस सेल्सिनस याने स्वतःच्या खर्चाने हे देऊळ पुन्हा बांधले, आणि या औदार्याबद्दल नगरसभेने त्याला विनाशुल्क आपल्यात सामील करून घेतले, असे त्यात लिहिले आहे. सेल्सिनसचे वय तेथेच दिलेले आहे: सहा वर्षे. पैसा अर्थातच बापाचा होता. बाप मुक्त झालेला गुलाम असावा, असे मानतात, आणि मुक्त गुलामाला नगरसभेत बसता येत नसे. त्याच्या मुलाला येत असे.